कारखाना जातो तेव्हा आणखी काय काय जातं

'ठाणे-बेलापूर पट्ट्यातले कारखाने गेले, पण त्यांच्या जागी आयटी पार्क आणि डेटा सेंटर्स आलीच की, मग राज्याचं नुकसान काय?' असं काही जण विचारतात. मला हे अजिबात पटत नाही.

माझे वडील ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये टर्नर, म्हणजे लेथ मशीनवर काम करणारे कामगार होते. १९६२ साली एमआयडीसी, म्हणजे राज्याचं औद्योगिक विकास महामंडळ, स्थापन झालं आणि त्याच्या अगदी सुरुवातीच्या वसाहतींपैकी ही एक. वडिलांची कंपनी बंद पडली तेव्हा कामगार घरी बसले, ते सगळ्यांना दिसलं. पण मागच्या गल्लीत दोन लेथवर त्याच कंपनीचं जॉबवर्क करणारा गाळेवाला, सकाळच्या पाळीला पोहे देणाऱ्या मावशी, टेम्पोवाले, यांची कुठे नोंदच झाली नाही. भरपाई मिळाली ती नोकरीच्या दर वर्षामागे १५ दिवसांच्या पगाराच्या हिशेबाने, तीही कायम कामगारांनाच. वाण्याकडची आमची उधारीची वही त्या वर्षी भरून दुसरी काढावी लागली, हे मी स्वतः पाहिलंय.

तिजोरीचं म्हणाल तर २०१७ पासून राज्याच्या वाट्याचा जीएसटी माल जिथे खपतो तिथे मिळतो. म्हणजे शेकडो घरांची खरेदी आटली की फटका थेट राज्याला. जमीन विकली की मुद्रांक शुल्क येतं, पण ते एकदाच. डेटा सेंटरला वीज भरपूर लागते, माणसं मात्र मोजकीच. आयटीआय करून फिटर झालेल्या पोराला तिथे फार तर सिक्युरिटीत काम मिळतं.