मदत हवी आहे: भावाचा इंग्लंडमध्ये अचानक मृत्यू, कोरोनरकडून फॉर्म आलाय, काय भरू?

पाऊलखुणा:

नमस्कार. कुठून सुरुवात करू कळत नाहीये पण इथे इंग्लंडमधली बरीच मंडळी आहेत म्हणून लिहितेय. माझा धाकटा भाऊ, वय ३१, तिथे नोकरीला होता. तीन आठवड्यांपूर्वी सकाळी कामावर आला नाही, फोन उचलेना, म्हणून मित्राने घरमालकाला कळवलं, दार उघडलं तर हा पलंगावर, दिवा चालू, चष्मा डोळ्यांवर तसाच. आजार नाही, व्यसन नाही. फक्त दोन दिवस आधी छातीत धडधड झाली आणि डोळ्यांपुढे अंधारी येऊन बसकण मारली म्हणून तो एका हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत गेला होता, चार तास थांबवलं आणि अंगात पाणी कमी पडलंय म्हणून घरी पाठवलं. त्याच रात्री त्याने मला मेसेज केले होते, ते सगळे आहेत माझ्याकडे. छातीवरचे स्टिकर काढताना केस ओढले गेले असंही लिहिलं होतं त्यात.

आता सगळं कोरोनरकडे आहे. पोस्टमॉर्टम झालं, कारण सापडलं नाही. काल कोरोनर ऑफिसरचा मेल आला, बाई खूप सौम्यपणे लिहितात, पण त्यात लिहिलंय की हार्ट वेगळं काढून हृदयाच्या पॅथॉलॉजिस्टकडे पाठवलंय, रक्ताची टॉक्सिकॉलॉजी (विषाची, औषधांची तपासणी) बाकी आहे, आणि सोबत एक फॉर्म. काढून घेतलेल्या अवयवाचं नि नमुन्यांचं तपासणीनंतर काय करायचं ते विचारलंय. कुटुंबाकडे परत द्यायचं, त्यांनी सन्मानाने विल्हेवाट लावायची, की संशोधनासाठी ठेवायचं. तीन चौकटी आणि खाली सही. तो फॉर्म मी अजून आईला दाखवलेला नाही.

मला कोणी सांगा की हे आम्हाला न विचारता कसं केलं? कोरोनर म्हणजे पोलीस का? मेलमध्ये इन्व्हेस्टिगेशन उघडलंय असं आहे, इन्क्वेस्ट शब्द कुठेच नाही, हे एकच का? आणि हॉस्पिटलने त्याला घरी पाठवलं त्याची चौकशी हे लोक करतील का आपोआप?

टेम्सकाठ:

ताई, वाचून फार वाईट वाटलं. मी बारा वर्षं इथे आहे आणि सासऱ्यांच्या वेळी या सगळ्यातून गेलोय म्हणून जे पक्कं माहीत आहे तेवढंच सांगतो.

कोरोनर पोलीस नाही. तो न्यायाधीशासारखा स्वतंत्र अधिकारी असतो, पद फार जुनं, ११९४ पासूनचं. आज इंग्लंड आणि वेल्समध्ये २००९ चा कोरोनर्स अँड जस्टिस ॲक्ट चालतो, तो अमलात आला जुलै २०१३ मध्ये. (स्कॉटलंडमध्ये कोरोनर नसतोच, तिथे प्रोक्युरेटर फिस्कल म्हणजे सरकारी वकील बघतो, त्यामुळे तिथले सल्ले तुम्हाला लागू नाहीत.) मृत्यू हिंसक किंवा अनैसर्गिक वाटला, कारणच कळलं नाही, किंवा माणूस कोठडीत असताना गेला, तर त्याला तपास करावाच लागतो. पोस्टमॉर्टमसाठी घरच्यांची परवानगी लागत नाही, ते त्याच्या अधिकारात होतं. पण काय काढून ठेवलं हे कळवणं आणि पुढे त्याचं काय करायचं हे विचारणं त्याला बंधनकारक आहे, म्हणून तो फॉर्म. ती बाई तुमचा हक्कच तुम्हाला देतेय.

इन्व्हेस्टिगेशन आणि इन्क्वेस्ट एक नाही. इन्व्हेस्टिगेशन म्हणजे तपास, इन्क्वेस्ट म्हणजे कोर्टातली उघडी सुनावणी. चार प्रश्नांची उत्तरं शोधायची असतात, कोण गेलं, कधी, कुठे आणि कसं. दोष कोणाचा हा पाचवा प्रश्न नाही, निकालात कोणा नाव घेतलेल्या माणसावर गुन्ह्याची जबाबदारी किंवा कोणावरही भरपाईची जबाबदारी ठरल्यासारखं दिसेल असं लिहायला कायद्यानेच मनाई आहे (कलम १०).

तुम्ही बहीण म्हणजे कायद्याच्या भाषेत इंटरेस्टेड पर्सन, म्हणजे या तपासात हक्क असलेली व्यक्ती आहात, आईही. तपास चालू असताना कागदपत्रं मागा, फुकट मिळतात. सुनावणी झाली तर साक्षीदारांना स्वतः प्रश्न विचारता येतात, वकील लागतोच असं नाही, व्हिडिओवरून हजर राहायची विनंतीही करता येते. बँक, पीएफ वगैरेसाठी इंटरिम (तात्पुरतं) सर्टिफिकेट मागून घ्या, त्यात कारण नसतं पण मृत्यूचा पुरावा म्हणून चालतं.

काळाकोट:

थोडं अवांतर, पण तो शब्द आपल्याला परका वाटतो म्हणून सांगतो. मुंबईतही कोरोनर होता. १८७१ चा कोरोनर्स ॲक्ट कलकत्ता, मुंबई अशा शहरांसाठी होता आणि मुंबईतलं पद १९९९ मध्ये बंद झालं. आता आपल्याकडे अकस्मात मृत्यूची नोंद, पंचनामा हे सगळं पोलीस करतात, आधी सीआरपीसीचं (फौजदारी प्रक्रिया संहितेचं) कलम १७४ होतं, १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १९४. त्यामुळे आपली सवय अशी की चौकशी म्हणजे पोलीस ठाणं आणि शक्यतो गप्प बसावं. तिथे गप्प बसू नका एवढंच.

नाडीपरीक्षा:

मी पॅथॉलॉजी केलंय, यूकेत काही वर्षं काम केलं. ताई, हार्ट का ठेवलं ते सांगते म्हणजे मनातली ती चित्रं जरा कमी होतील. तरुण माणूस अचानक जातो आणि साध्या तपासणीत काहीच मिळत नाही तेव्हा हृदयाचे स्नायू, झडपा, धमन्या आणि विद्युतवहनाचा मार्ग बारकाईने बघावा लागतो आणि ते काम सगळ्या पॅथॉलॉजिस्टना जमतं असं नाही. काही आजार, म्हणजे हायपरट्रॉफिक कार्डिओमायोपॅथी (हृदयाचा स्नायू जाड होणं), स्नायूत दिसतात. लाँग क्यूटी किंवा ब्रुगाडा हे हृदयाच्या विद्युतवहनातले बिघाड मात्र सूक्ष्मदर्शकाखालीही दिसत नाहीत, हृदय अगदी नॉर्मल दिसतं, तेव्हा सडन अऱ्हिदमिक डेथ सिंड्रोम (हृदयाची लय बिघडून अचानक मृत्यू) असं लिहितात. तपासून झालं की हार्ट परत शरीराजवळ पाठवता येतं, मागे राहतात मेणातले छोटे ब्लॉक आणि काचपट्ट्या. तेव्हा ऑफिसरला हा एक प्रश्न विचारा, शरीर सोडायच्या आधी हार्ट परत येईल का आणि कधी. मग आईला काय सांगायचं ते सोपं जाईल.

आता मुख्य गोष्ट. स्टिकर!! छातीवर स्टिकर लावले म्हणजे त्या रात्री ईसीजी काढला असणार किंवा मॉनिटर तरी लावला असणार. तो कागद या सगळ्यात सर्वांत मोलाचा आहे. लाँग क्यूटी, ब्रुगाडा हे मृत्यूनंतर हृदयात दिसत नाहीत पण जिवंतपणीच्या ईसीजीत दिसू शकतात. कोरोनरला लिहा की तो ईसीजी हृदयाच्या पॅथॉलॉजिस्टपर्यंत पोचवा. आणि डीएनए तपासणीसाठी प्लीहेचा तुकडा किंवा रक्त गोठवून ठेवलंय का ते विचारा, त्याला घरच्यांची संमती लागते, उशीर नको.

आणि तुम्ही, आई, वडील असतील तर वडील, सगळ्यांनी ईसीजी आणि इको (हृदयाची सोनोग्राफी) करून घ्या. हे आनुवंशिक असू शकतं. घाबरवत नाहीये, पण तुम्हालाही कधी चक्कर, धडधड झाली असेल तर हे पुढे ढकलू नका.

पाऊलखुणा:

स्टिकरचं मला सुचलंच नसतं. तो मेसेज मी पन्नासदा वाचला असेन, दर वेळी फक्त तो हसत होता एवढंच दिसायचं.

बाबा नाहीत. आई आणि मी. मला कॉलेजात असताना दोनदा चक्कर आली होती, तेव्हा रक्त कमी आहे म्हणाले.

टेम्सकाठ, एक विचारू? समजा रिपोर्ट आला की हृदयाचा आजार होता, नैसर्गिक मृत्यू, मग सुनावणी होईल ना?

टेम्सकाठ:

होईलच असं नाही, आणि मी पहिल्या उत्तरात हे सांगायला हवं होतं. इन्क्वेस्ट सुरू व्हायच्या आधी कारण स्पष्ट झालं आणि पुढे जायची गरज नाही असं कोरोनरला वाटलं तर तो तपास तिथेच बंद करतो (कलम ४). मग सुनावणी नाही, साक्षीदार नाहीत, इमर्जन्सीतल्या चार तासांबद्दल कोणी कोणाला काही विचारणार नाही. त्याच्यापुढे हॉस्पिटलचा मुद्दा कोणी ठेवलाच नाही तर तो आपोआप येईल याची खात्री नाही.

म्हणून हृदयाचा रिपोर्ट यायच्या आधी, याच आठवड्यात, मेल करा. राग बाजूला ठेवून फक्त क्रम लिहा. कधी गेला, कशासाठी गेला, किती वेळ होता, काय सांगून घरी पाठवलं, मेसेजचे स्क्रीनशॉट तारीखवेळेसकट. खाली तुमचे प्रश्न: ईसीजी कोणी वाचला, शुद्ध हरपत आल्याची नोंद घेतली का, घरी सोडायचा निर्णय कोणाचा. आणि स्पष्ट मागा की इन्क्वेस्ट व्हावी.

रोग नैसर्गिक आहे म्हणून विषय संपला असं नसतं. २००१ मध्ये कोर्ट ऑफ अपीलसमोर एक प्रकरण होतं, जुळ्यांच्या बाळंतपणानंतर आईचा रक्तदाब वेळेवर तपासला गेला नाही आणि मेंदूत रक्तस्राव होऊन ती गेली. कोर्टाने इन्क्वेस्ट घ्यायला लावली, कारण रक्तस्राव नैसर्गिक असला तरी उपचारातल्या हलगर्जीमुळे मृत्यू अनैसर्गिक ठरू शकतो. तुमच्या भावाचं तसंच होतं असं मी म्हणत नाही, ते कागद बघितल्याशिवाय कोणालाच कळणार नाही. तरीही तपास बंद केलाच तर लेखी कारण मागा, ते द्यावंच लागतं. कोरोनरच्या निर्णयाला ज्युडिशियल रिव्ह्यूमध्ये (वरच्या कोर्टात) आव्हान द्यायचं तर जास्तीत जास्त तीन महिने असतात, तिथे मात्र वकील बघा.

सुनावणी झाली आणि पुढे आणखी कोणाचा जीव जाऊ शकतो अशी त्रुटी दिसली तर कोरोनरला त्या संस्थेला रिपोर्ट पाठवावाच लागतो आणि संस्थेला ५६ दिवसांत उत्तर द्यावं लागतं. भरपाईचा दावा हा वेगळा रस्ता, तो इथे मिसळू नका.

शरीराचं म्हणाल तर शक्य तितक्या लवकर सोडायचं असा नियम आहे, २८ दिवसांत जमलं नाही तर कारण कळवावं लागतं. देशाबाहेर न्यायचं असेल तर कोरोनरची वेगळी परवानगी लागते, ती फ्युनरल डायरेक्टर काढून देतो. कोर्टाच्या दिवशी एकटं वाटलं तर कोरोनर्स कोर्ट्स सपोर्ट सर्व्हिसचे स्वयंसेवक असतात, आमच्या वेळी त्यांनी सासूबाईंच्या शेजारी बसून प्रत्येक शब्द समजावला होता.

पाऊलखुणा:

सहा दिवसांनी लिहितेय. मेल केला, स्क्रीनशॉट लावले. ऑफिसरबाईंचं उत्तर आलं, हॉस्पिटलकडून आलेल्या कागदांत ईसीजीची नोंद आहे पण आलेखाची कागदी पट्टी नाही, म्हणजे काढला होता हे नक्की. मूळ पट्टी मागवलीय आणि ती पॅथॉलॉजिस्टला पाठवणार आहेत. प्लीहेचा नमुना गोठवलेला आहे, संमतीचा कागद मी सही करून पाठवला.

फॉर्म शेवटी आईला दाखवला. तिने बराच वेळ काही म्हटलं नाही, मग विचारलं की हार्ट परत यायला किती दिवस. दहाएक दिवस म्हणाल्यात. आई म्हणाली थांबू. पहिल्या चौकटीत खूण तिने स्वतः केली.

आम्हा दोघींचा ईसीजी आणि इको गुरुवारी आहे. ती पट्टी मिळाली की इथेच लिहीन, नाडीपरीक्षा, तुम्ही बघाल ना?