टीव्ही सोडून स्ट्रॅटेजिक कम्युनिकेशनमध्ये जावं का?

लाइव्हवाला:
मराठी न्यूज चॅनेलमध्ये १४ वर्षं झाली. मंत्रालय, महापालिका, डिसेंबरमध्ये नागपूरचं अधिवेशन. २०१९ला सांगलीच्या पुरात कमरेएवढ्या पाण्यात वॉकथ्रू केलाय, म्हणजे कॅमेऱ्यासमोर चालत बातमी दिलीय. आता एका कम्युनिकेशन सल्लागार कंपनीनं (क्लायंटनी माध्यमांशी काय, कसं बोलायचं ते सांभाळणारी) बोलावलंय. पगार दीडपट. मुलाखतीत पहिलाच प्रश्न, "तुमच्या ओळखी किती?" तिथेच मन खट्टू झालं. इंग्रजी बोलतो, लिहिताना घाम फुटतो. वय ३९. बायको म्हणते घे, रात्री जेवायला तरी घरी असशील. कोणी गेलंय का? नेमकं काम काय असतं?

ओबीव्हॅन:
वहिनींना सांगा, क्लायंटचा फोनही रात्री जेवतानाच येतो.

माजी_बूमवाली:
मी २०१८ला गेले, ११ वर्षं रिपोर्टिंग करून. ओळखींचा माल फार टिकत नाही हो. वर्षभरात माझ्या फोनमधली निम्मी नावं दुसऱ्या चॅनेलला नाहीतर दुसऱ्या बीटवर (बातमीच्या विषयावर) गेली होती. उपयोगी पडलं ते एवढंच, की समोरचा रिपोर्टर तिसरा प्रश्न काय विचारेल हे मला आधी कळायचं.

रुजू होऊन चार महिने झाले असतील. तारापूर एमआयडीसीत एका क्लायंटच्या कारखान्याला रात्री आग लागली. त्यांच्या वकिलांनी निवेदन पाठवलं, पहिलंच वाक्य "परिस्थिती पूर्णपणे नियंत्रणात आहे". इकडे टीव्हीवर गेटबाहेरून लाइव्ह, मागे धुराचे लोट. मी म्हटलं, हे वाचून अँकर नुसतं "ही दृश्यं बघा" म्हणेल, की आटोपलं. मग लिहायचं काय? पाळीला माणसं किती होती, बाहेर किती आली, घरच्यांनी कुठल्या नंबरवर फोन करायचा. आगीचं कारण कळलेलं नाही, तर तसंच लिहा. तासभर भांडले. त्यातही एचआरकडे फक्त पगारपत्रकावरची नावं. कंत्राटदाराची माणसं गेटवरच्या वहीत. शेवटी वॉचमनकडून वहीच्या पानाचा फोटो मागवला. हे तुम्हाला येतंच, आता गेटच्या आतून करायचं.

इंग्रजी जमतं. मला जड गेलं ते गप्प बसणं. शेअर बाजार चालू असताना लिस्टेड कंपनीच्या संचालक मंडळाची बैठक संपली, तर महत्त्वाचा निर्णय अर्ध्या तासात स्टॉक एक्स्चेंजला कळवावा लागतो, बाजारावर लक्ष ठेवणाऱ्या सेबीचा नियम. त्याआधी बाहेर चकार शब्द नाही. अशा निर्णयाचा मसुदा पहिल्यांदा माझ्या लॅपटॉपवर होता आणि बिझनेस डेस्कवरचा जुना मित्र फोन करत होता. "जेवायला बसलेय" म्हणून ठेवून दिला. दुपारचे साडेतीन वाजले होते. त्याला कळलंच असणार.

डेस्कवर_परत:
ताई, आग वर्षातून एकदा लागते. रोजचं सांगा ना. मी सव्वा वर्ष काढलं. सकाळी क्लायंटच्या बातम्यांची कात्रणं, दुपारी कात्रणांची फाइल, संध्याकाळी बातमीची जागा गुणिले जाहिरातीचा दर, आणि आलेल्या आकड्याला म्हणायचं "मूल्य". हे मोजमाप चुकीचं आहे असं या धंद्यातल्याच लोकांनी २०१०ला बार्सिलोनात ठरवलं, तरी आमच्या क्लायंटला दर महिन्याला तेच हवं असायचं. आलो परत, कमी पगारावर.

माजी_बूमवाली:
खरंय, कात्रणं मीही मोजलीत. त्याहून वाईट म्हणजे "ती बातमी थांबवा" म्हणणारा क्लायंट. लाइव्हवाला, पुढच्या फेरीत सरळ विचारा, असा फोन आला तर तुमची कंपनी काय करते? उत्तर द्यायला वेळ लागला तर समजून जा. आणि अधिस्वीकृती पत्रिका (पत्रकाराचं सरकारी ओळखपत्र) परत करावी लागेल. माझं पाकीट तीन आठवडे टेबलावर पडून होतं, पोस्टात टाकवेना.

लाइव्हवाला:
सोमवारी दुसरी फेरी आहे, विचारतो. त्या वहीत किती नावं निघाली?

माजी_बूमवाली:
२१. एचआरकडे १४ होती. सगळे सुखरूप. एक जण तेवढा पहाटेपर्यंत सापडत नव्हता. आग लागायच्या आधीच नाक्यावर चहाला गेला होता, आणि सुपरवायझर ओरडेल म्हणून तिथूनच घरी.