एसीएल शस्त्रक्रियेनंतर जिना उतरताना त्रास – मदत हवी आहे

उजव्या गुडघ्याची एसीएल रिकन्स्ट्रक्शन (गुडघा स्थिर ठेवणारा अस्थिबंध नव्याने बसवायची शस्त्रक्रिया) होऊन साडेपाच महिने झाले. ग्राफ्ट (त्या जागी बसवलेला तुकडा) हॅमस्ट्रिंगचा, म्हणजे मांडीमागच्या स्नायूच्या कंडरेचा; मेनिस्कसला (गुडघ्यातल्या कूर्चेच्या गादीला) टाके नाहीत. वय 36, राहायला पुण्यात. पाय पूर्ण सरळ होतो, वाकतो 130 अंशांपर्यंत. सपाटीवर 5 किमी चालते, सायकल 30 मिनिटं. काही दुखत नाही.

अडतं ते उतरताना. पर्वतीच्या 103 पायऱ्या सहज चढले, पण उतरताना वाटीच्या खाली दुखायला लागलं आणि संध्याकाळी थोडी सूज आली. बर्फ लावून दोन दिवसांत उतरली. गुडघा निसटल्यासारखा वाटत नाही, अडकतही नाही. उजवी मांडी अजून डावीपेक्षा दीड सेंटीमीटर बारीक आहे, मला वाटतं मूळ तिथेच असावं.

स्ट्रेट लेग रेज, मिनी स्क्वॉट, ब्रिज रोज करते. सर्जन म्हणाले, हळूहळू पळायला हरकत नाही. फिजिओ म्हणतात, आधी दोन्ही पायांची ताकद जवळपास सारखी होऊ दे. मला फिजिओंचं पटतं, पण ती मोजायचं मशीन त्यांच्याकडे नाही. जिम लांब आहे, घरी फक्त रबर बँड आणि 5 किलोचे डंबेल्स.

यातून गेलेल्यांनी किंवा इथल्या फिजिओंनी कृपया सांगा: उतरण्यासाठी स्टेप-डाऊन (पायरीवर उभं राहून दुसरा पाय हळू खाली टेकवायचा व्यायाम) किती उंचीच्या पायरीपासून सुरू करावं, आणि पळण्याआधी पायाची ताकद घरच्या घरी कशी तपासायची?