मदत हवी आहे: चाँद गच्चीवरून बघायचा की गणितावरून?

सलाम, नमस्कार. आम्ही फोंड्याचे. लेक अकरावीला सायन्सला आहे. गेल्या रमजानच्या २९व्या रोजाला आम्ही सगळे ईदचा चाँद दिसतो का बघायला गच्चीवर माना वर करून उभे, पश्चिमेला नुसता ढग. ती म्हणाली, "अब्बा, नमाजच्या वेळा तुम्ही छापील तक्त्यावरून पाळता, सावली मोजत नाही. मग चाँदच तेवढा डोळ्यांनी का?"

मी गप्प. (तिची अम्मी गालातल्या गालात हसत होती, ते वेगळंच.)

ढग असले तर ३० दिवस पुरे करा, ही हदीस (पैगंबरांचं वचन) मला ठाऊक आहे. अमावास्येचा क्षण गणिताने अचूक कळतो, पण कोर दिसणं चंद्राच्या उंचीवर आणि हवेवर अवलंबून, इतकंही समजतं. तुर्कस्तानात तर ईद आधीच गणिताने ठरते. १४व्या शतकात दमास्कसच्या उमय्यद मशिदीत नमाजच्या वेळा काढणारा इब्न अल-शातिर स्वतः मोठा खगोलज्ञ होता, म्हणजे हिशेबाचं वावडं आपल्याला कधीच नव्हतं.

तरी चाँदच्या बाबतीत उलेमांचे (धर्मपंडितांचे) मतभेद नेमके कशावरून आहेत? मराठीत किंवा उर्दूत सोपं वाचायला काही आहे का? तिला "विचारू नकोस" म्हणायचं नाहीये मला.