दुहेरीतला पहिला नंबर म्हणजे अर्धा नंबर का?

घोडबंदरकर

रविवारी सकाळी सोसायटीच्या कोर्टवर टेनिसचे दोन सेट झाले, चहा आला आणि विषय निघाला रोहन बोपण्णाचा. जानेवारी 2024 मध्ये, वयाच्या 43व्या वर्षी, तो जागतिक क्रमवारीत पहिला आला. इतक्या मोठ्या वयात पहिला आलेला पुरुष खेळाडू आजवर दुसरा नाही. मी हे रंगून सांगत होतो, तर आमच्यातले एक जण रॅकेट पिशवीत घालता घालता म्हणाले, "हो, पण दुहेरीत." तो 'पण' माझ्या मनातून जात नाही, म्हणून हा धागा काढतोय.

माझं म्हणणं असं की दुहेरीचा पहिला नंबर हा पुरता पहिला नंबर आहे. पुरुषांची एकेरीची क्रमवारी ऑगस्ट 1973 मध्ये सुरू झाली आणि दुहेरीची 1 मार्च 1976 ला. पहिला मान अमेरिकेच्या बॉब लुट्झचा. त्या काळी एकेरीतले दादा लोक दुहेरीही जीव तोडून खेळायचे. जॉन मॅकेन्रोने 1981 मध्ये विम्बल्डन आणि अमेरिकन ओपन या दोन्ही ठिकाणी एकेरी जिंकली आणि पीटर फ्लेमिंगला घेऊन दुहेरीही जिंकली. एकेरी आणि दुहेरी दोन्हीकडे पहिल्या नंबरवर बसलेले पुरुष आजवर दोनच, मॅकेन्रो आणि स्टीफन एडबर्ग. एकाच ग्रँड स्लॅममध्ये दोन्ही विजेतेपदं घेणारा शेवटचा पुरुष येवगेनी काफेलनिकोव्ह, 1996 ची फ्रेंच ओपन. त्यानंतर कुणाला जमलेलं नाही.

म्हणजे आधी एकेरीतले तारे गेले, त्यांच्यामागे प्रेक्षक गेले, प्रेक्षकांमागे टीव्ही गेला. यात दुहेरीच्या खेळाडूंनी काय कमी केलं?

वाशीकर

असहमत. बोपण्णाबद्दल आदर आहेच, पण भावना बाजूला ठेवून बघा.

एकेरीत पन्नास वर्षांत पहिल्या नंबरवर पोचलेले पुरुष तीसही नाहीत. दुहेरीत तो आकडा साधारण दुप्पट आहे. जिथे दुप्पट माणसं शिखरावर मावतात ते शिखर तितकं उंच नाही, हे मानायला जड का जातं?

आणि 2008 चं बीजिंग ऑलिंपिक आठवा. फेडरर आणि वावरिंका, दोघेही मुळात एकेरीचे. उपांत्यपूर्व फेरीत त्यांनी आपल्या पेस-भूपतीला सरळ दोन सेटमध्ये घरी पाठवलं, उपांत्य फेरीत दुहेरीतल्या नावाजलेल्या अमेरिकन ब्रायन बंधूंना तसंच, आणि सुवर्ण घेऊन गेले. उलट कधी होतं का? दुहेरीचा खास खेळाडू उठून एकेरीची उपांत्य फेरी गाठतो का?

बक्षिसाचंही बघा. 2024 च्या विम्बल्डनमध्ये एकेरीच्या विजेत्याला 27 लाख पौंड आणि दुहेरीच्या विजेत्या जोडीला मिळून साडेसहा लाख. आयोजकांनीच फरक लिहून दिलाय.

तलावपाळी

वाशीकर, बक्षिसाच्या रकमेवरून खेळाची उंची ठरवायची तर आमच्या वेळचे सगळेच खेळाडू बुटके ठरतील.

मी शाळेत होतो, डिसेंबर 1966. मेलबर्नला डेव्हिस कपची, म्हणजे देशादेशांतल्या स्पर्धेची, अंतिम लढत, भारत विरुद्ध ऑस्ट्रेलिया. आपण 4-1 हरलो. तो एक गुण कुठला? दुहेरीचा. रामनाथन कृष्णन आणि जयदीप मुखर्जी यांनी जॉन न्यूकोम्ब आणि टोनी रोश यांना त्यांच्याच घरात हरवलं. त्या जोडीने पुढे एकत्र 12 ग्रँड स्लॅम विजेतेपदं घेतली आणि ब्रायन बंधूंनी मोडेपर्यंत तो विक्रम टिकला. दुसऱ्या दिवशीचा पेपर वडिलांनी मोठ्याने वाचून दाखवला होता. हरलेल्या सामन्याची बातमी इतक्या आनंदाने वाचलेली मी परत ऐकली नाही.

मग 1999. पेस-भूपती त्या वर्षी चारही ग्रँड स्लॅमच्या अंतिम फेरीत होते. फ्रेंच जिंकली, विम्बल्डन जिंकली, आणि त्याच वर्षी आधी भूपती आणि मग पेस क्रमवारीत पहिले आले. नौपाड्यात आमच्या दोन खोल्या होत्या. विम्बल्डनच्या अंतिम सामन्यात हारहाउस आणि पामर यांच्याविरुद्ध पहिला सेट टायब्रेकवर, म्हणजे 6-6 नंतरच्या निर्णायक गुणांवर गेला, पुढचे दोन आपले. चौथा परत टायब्रेकला आला तेव्हा शेजारच्या वहिनी गॅस बंद करून, पदराला हात पुसत दारात येऊन उभ्या राहिल्या. पंधरानंतर तीस आणि तीसनंतर चाळीसच का, हे त्यांना शेवटपर्यंत पटलं नव्हतं, पण पेस नेटवर झेपावला की त्यांच्या तोंडून "आई गं!" निघायचं. लोकप्रियता म्हणतात ती मी त्या दारात उभी पाहिली आहे.

नेरूळचा कोच

दोघांशीही अर्धा असहमत.

मी रोज संध्याकाळी दहा ते चौदा वयाच्या मुलांना शिकवतो. गेल्या महिन्यात एक जोडी उभी केली. नेटवरचा मुलगा दर सर्व्हला मान वळवून मागे बघायचा, जोडीदाराचा सर्व्ह पडतोय का ते. मी सांगितलं, मागे बघू नकोस, समोरच्याच्या रॅकेटचं तोंड बघ. चेंडू मधल्या रेषेवर पडला, की रिटर्न बहुतेक मधूनच येणार, मग तू आडवा सुटायचं. चार गेम त्याचे पाय चिकटून राहिले. पाचव्यात सुटला आणि चेंडू थेट समोरच्याच्या बुटांवर मारला. ते दीड पाऊल एकेरीत कधीच शिकायला मिळत नाही. म्हणून 'एकेरीत न जमलेले दुहेरीत येतात' हे वाक्य माझ्या कानाला खोटं लागतं. कौशल्यंच वेगळी आहेत: रिटर्न खाली ठेवणं, पहिला सर्व्ह चुकू न देणं, जोडीदाराचा सर्व्ह चालू असताना स्वतः जागा बदलणं.

पण वाशीकरांचा मुद्दा मला दर आठवड्याला पालकांकडून ऐकावा लागतो. "सर, दुहेरीचे गुण धरतात का?" खोटं कसं बोलू? आंतरराष्ट्रीय ज्युनियर क्रमवारीत दुहेरीचे गुण पाव हिश्शानेच जमा होतात. पालक हिशेब करतात आणि मुलगा दुहेरीच्या सरावाला यायचा बंद होतो. मला याचा खरंच त्रास होतो.

आणखी एक गोष्ट इथे कुणी काढली नाही. खेळ दोघांचा, पण क्रमवारी एकेकाची. माइक ब्रायन 506 आठवडे पहिला होता आणि त्याचा जुळा भाऊ बॉब 439. दोघांनी मिळून 119 स्पर्धा जिंकल्या, तरी आकडे वेगळे. याचं मोठं कारण 2018. बॉबचं खुब्याचं दुखणं निघालं आणि माइकने जॅक सॉकला घेऊन विम्बल्डन आणि अमेरिकन ओपन जिंकली. तेव्हा तो चाळिशीचा होता आणि परत पहिला आला. बोपण्णाने मोडला तो वयाचा विक्रम माइकचाच.

वाशीकर

कोच साहेब, तुम्हीच माझ्या हातात आकडा दिलात. माइक ब्रायन 506 आठवडे, मॅकेन्रो 269. या यादीवरून माइक जवळजवळ दुप्पट मोठा ठरतो. मॅकेन्रो त्याच काळात एकेरीतही 170 आठवडे पहिला होता, हे ती यादी सांगत नाही. 1992 च्या विम्बल्डनमध्ये, ऐन उतरत्या काळात, त्याने मायकल श्टिखसोबत पाचवा सेट 19-17 असा जिंकला, तोही सामना दुसऱ्या दिवशी, सोमवारवर गेल्यावर. जुन्या क्रमवारीतल्या पहिल्या नंबरचं आणि आजच्या पहिल्या नंबरचं वजन सारखं नाही, माझं म्हणणं एवढंच आहे. तेव्हा समोर एडबर्ग असायचा.

आणि लोकांना काय हवंय ते 2025 च्या अमेरिकन ओपनने दाखवलं. मिश्र दुहेरीत एकेरीचे तारे उतरवले, जिंकणाऱ्या जोडीला दहा लाख डॉलर ठेवले, आणि स्टँड भरले.

ऐरोलीची

पण जिंकलं कोण ते लिहा की. एरानी आणि वावासोरी! दुहेरीत मुरलेली जोडी, आधीच्या वर्षीचे विजेते. अंतिम सामन्यात त्यांनी एकेरीच्या ताऱ्यांना, श्वियाँतेक आणि रूड यांना हरवलं. अंतिम सामना सोडला तर सेट चार-चार गेमचे करून ठेवले होते, तरी.

मला एक प्रश्न कायम पडतो. आम्ही चौघी आठवड्यातून तीनदा सकाळी सहाला खेळतो. बाजूच्या कोर्टवर चार काका असतात, पलीकडे कॉलेजची चार मुलं. ठाण्यात जा, वाशीत जा, कुठल्याही कोर्टवर सकाळी चारच माणसं दिसतील. हातात रॅकेट घेणारा माणूस चाळिशीनंतर दुहेरीच खेळतो. मग टीव्हीवर मात्र एकेरीच का बघतो? बोपण्णाचा सामना मी मुद्दाम थांबून थांबून बघितला आणि त्यातून शिकले, की दुसऱ्या सर्व्हवर आत पाऊल टाकून मारायचं. अल्काराझचा फोरहँड बघून मला काय शिकता येणार? तो माझ्या खांद्यातून निघणारच नाही.

घोडबंदरकर

ऐरोलीच्या ताई, अगदी मनातलं लिहिलंत.

वाशीकर, बीजिंगबद्दल. फेडरर-वावरिंका जिंकले हे खरंच. पण तो एका आठवड्याचा खेळ. क्रमवारी 52 आठवड्यांची असते, आज या गावात, उद्या त्या खंडात. बोपण्णाला पहिल्या नंबरपर्यंत यायला वीस वर्षं लागली. अमेरिकन ओपनच्या दोन अंतिम फेऱ्या हरला, 2010 आणि 2023. त्यानंतर चारच महिन्यांत मॅथ्यू एब्डनसोबत ऑस्ट्रेलियन ओपन जिंकला. पहिला नंबर तर उपांत्यपूर्व फेरी जिंकली तेव्हाच नक्की झाला होता.

लोकप्रियता घसरली त्यात पुरुषांच्या स्पर्धा चालवणाऱ्या संघटनेचाही हात आहे. 2005 मध्ये दुहेरीचे सेट छोटे करायचं आणि प्रवेश एकेरीवाल्यांकडे झुकवायचं घाटत होतं, तेव्हा ब्रायन बंधूंसकट दुहेरीचे खेळाडू अमेरिकेत कोर्टात गेले. तडजोड झाली आणि 2006 पासून नेहमीच्या स्पर्धांत 40-40 झालं की एकच निर्णायक गुण, आणि तिसऱ्या सेटऐवजी दहा गुणांचा टायब्रेक. त्यावर ब्रायन बंधू वर्षानुवर्षं पहिले राहिले. नाणेफेकीसारख्या नियमांवर पहिलं राहणं सोपं नाही.

तलावपाळी

आपल्या मातीतलं एक राहिलं. 1994 च्या हिरोशिमा आशियाई खेळांत पुरुष दुहेरीचं सुवर्ण पेससोबत गौरव नाटेकरने जिंकलं, आपल्या बॅडमिंटनच्या नंदू नाटेकरांचा मुलगा. इथल्या किती जणांना आठवतं? एकेरीचं असतं तर पाठ असतं.

वाशीकर

काका, हिरोशिमाचं मलाही माहीत नव्हतं. वाईट वाटलं.

बोपण्णापुरता 'पण' मी मागे घेतो. वीस वर्षांचा हिशेब पटला. मात्र 506 आणि 269 एका तराजूत घालायला माझा विरोध कायम आहे.

घोडबंदरकर

त्याला माझाही विरोधच आहे. मॅकेन्रो वरचाच.

नेरूळचा कोच

आणि तो ज्युनियरचा पाव हिस्सा? त्यावर कुणीच बोललं नाही.