मदत हवी आहे: विल्यम हेन्री जॅक्सन यांची ओल्या काचेची पद्धत

सस्नेह नमस्कार. १८७१ साली भूवैज्ञानिक फर्डिनंड हेडन यांच्या सर्वेक्षण तुकडीबरोबर अमेरिकेतील यलोस्टोनमध्ये गेलेले छायाचित्रकार विल्यम हेन्री जॅक्सन यांच्यावर मी लेख लिहीत आहे. काचेवर कोलोडियन (इथर व अल्कोहोलमधले चिकट द्रावण) ओतायचे, ती प्रकाशसंवेदी होण्यासाठी सिल्व्हर नायट्रेटमध्ये बुडवायची आणि ओली असतानाच छायाचित्र घेऊन तंबूतल्या अंधारात धुवायची, हा सारा खटाटोप त्यांनी खेचरांवर सामान लादून डोंगरदऱ्यांत केला. पुढच्याच वर्षी यलोस्टोन राष्ट्रीय उद्यान झाले, त्यात या छायाचित्रांचा वाटा मला फार मोलाचा वाटतो. ही पद्धत मी स्वतः करून पाहत आहे, परंतु या उन्हाळ्यात काचेचे कोपरे आधीच वाळतात आणि धुताना थर पापुद्र्यासारखा सुटतो. ज्यांनी हे काम केले आहे, त्यांनी उन्हाळ्यात कोलोडियनमधील इथर व अल्कोहोलचे प्रमाण कसे ठेवावे, हे कृपया सांगावे.