मदत हवी आहे: ट्रिलियम झोपलंय की गेलं?
मंडळी, मोठ्या मेपलखाली दिवसभर सावली असते, गवतसुद्धा धड येत नाही, म्हणून मागच्या पानगळीत तिथे पांढऱ्या ट्रिलियमचे (सावलीत वाढणारं, वसंतात फुलणारं रानफूल) तीन कंद लावले, साधारण 3 इंच खोल, वर कुजलेल्या पानांचा जाड थर. वसंतात दोनच वर आले, तीन-तीन पानं, एकाला फूलपण आलं, तीनच पाकळ्या, जुनं होता होता गुलाबी पडलं, मी रोज सकाळी वाकून वाकून बघायचे!

आता ऐन उन्हाळ्यात पानं पिवळी पडून सगळं गायब. हे उन्हाळ्यात झोपतं हे माहितीये, पण माती पार कोरडी ठण्ण झालीये, मेपलची मुळं सगळं पाणी पिऊन टाकतात, तर पाणी घालत राहू का, की कंद कुजतील? आणि तिसरा आलाच नाही, तो उकरून बघू का? हात नुसते शिवशिवतायत.

शिवाय एका फळातल्या बिया मुंग्यांनी पळवायच्या आत काढून ठेवल्यात. उगवायला दोन हिवाळे लागतात म्हणे, फुलायला त्यानंतर कितीतरी वर्षं. ओल्या आहेत तोवरच पेरून टाकू ना? कोणी बियांपासून केलंय का?